आधी फादर, मग हॉल

बाळाच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरली का, असं विचारलं तर आमच्या वसईतले आईबाप हल्ली हॉलची तारीख सांगतात. चर्चमध्ये विचारलंत का, यावर "ते होईल हो, फादर ओळखीचे आहेत," असं उत्तर येतं. तुमच्या घरी नुकताच पाळणा हलला असेल तर माझी पहिली विनंती हीच, की हॉलला टोकन देण्याआधी चर्चच्या ऑफिसची पायरी चढा.

माझ्या थोरल्याच्या वेळी आम्ही उलटं केलं होतं. हॉल, कॅटरर, बँड सगळं एका रविवारचं ठरवलं आणि मग फादरांकडे गेलो. त्या रविवारी चर्चमध्ये मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसादाचा सोहळा होता, बाप्तिस्मे नव्हते. टोकन बुडालं. पुढची तारीख मिळाली तेव्हा हॉल फक्त संध्याकाळचा मोकळा होता. सकाळी साडेदहाला बाप्तिस्मा, रात्री आठला पार्टी, चारशे माणसं, दारात बँड. दोन महिन्यांचं पोर नेटच्या ताठ झग्यात या हातातून त्या हातात फिरत होतं. अल्बम आजही आहे. त्यात एकाही फोटोत तो हसत नाही, दोनमध्ये झोपलाय आणि बाकीच्यांत त्याचं तोंड टोमॅटोसारखं लाल आहे. मी तर एकाही फोटोत बसलेली नाही. बाळंतपणाला जेमतेम नऊ आठवडे झाले होते.

धाकटीच्या वेळी साठ माणसं बोलावली आणि अकराला चर्चमधून निघून दोनला घरी आलो. त्या दिवशी काय काय झालं ते मला अजून आठवतं. थोरल्याच्या दिवसाचं मात्र मला अल्बम बघूनच कळतं.

तारखेपासून सुरुवात करू. कॅथलिक चर्चचा कायदा सांगतो की जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आईवडिलांनी बाळाच्या बाप्तिस्म्याची सोय करावी. माझ्या आजीच्या पिढीत आठ-दहा दिवसांतच उरकायचे. बाळंतीण घरी आणि बाळ धर्ममातेच्या हातात. आता बाळाचा मामा कुवेतहून येईपर्यंत, काका कॅनडाहून सुट्टी काढेपर्यंत बाळ चालायला लागतं. दीड-दोन महिने हा मध्यम मार्ग मला बरा वाटतो. बाळंतीण सावरलेली असते, बाळ मान धरू लागलेलं असतं आणि पाणी ओतताना हातातून निसटेल एवढं वळवळत नाही. फक्त लसीकरणाचं कार्ड समोर ठेवा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लशी असतात. लशीनंतर एक-दोन दिवस बाळाला ताप येतो, किरकिर असते, म्हणून शनिवारी लस आणि रविवारी बाप्तिस्मा असं करू नका.

बाप्तिस्मा शक्यतो रविवारी द्यावा असं चर्चच सांगतं, कारण रविवार पुनरुत्थानाचा दिवस. पण प्रत्येक रविवारी बाप्तिस्मे नसतात. बऱ्याच चर्चमध्ये महिन्यातले ठरावीक रविवार असतात आणि एकाच वेळी चार-पाच बाळं असतात. प्रायश्चित्तकाळातले चाळीस दिवस बहुतेक ठिकाणी टाळतात. त्या काळात दिला तरी तो बाप्तिस्माच, पण मग पार्टी कशी करणार? आईबापांच्या स्वतःच्या धर्मग्रामातच बाप्तिस्मा व्हावा असा नियम आहे. तुम्ही मीरा रोडला राहत असाल आणि गावच्या चर्चमध्ये करायचा असेल, तर राहत्या चर्चच्या फादरांचं पत्र आणावं लागतं. शिवाय बाळाचा जन्मदाखला, तुमच्या लग्नाचा चर्चचा दाखला, धर्ममाता-धर्मपित्यांची कागदपत्रं आणि आईबापांसाठी तयारीचा वर्ग आलाच. या सगळ्याला महिनाभर धरा. घरी किंवा हॉलमध्ये बाप्तिस्मा देतील का, असं दर वर्षी कुणी तरी विचारतंच. देत नाहीत. जिवावरचा प्रसंग असेल तरच.

नावाचं आधी पक्कं करा. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, पण ती बाळाच्या नावाशिवायही होते. नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. आमच्याकडे गोंधळ असा होतो, की नगरपालिकेत एक नाव, चर्चच्या वहीत दुसरं आणि घरात तिसरं. पूर्वी खपून जायचं. जुन्या माणसांच्या पासपोर्टला बाप्तिस्म्याचा दाखलाच जन्माचा पुरावा म्हणून चालायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना मात्र शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच आधार. म्हणून आधी जन्मदाखल्यावर नाव चढवा आणि तो दाखला समोर ठेवून, इंग्रजी स्पेलिंगसकट, चर्चच्या वहीत लिहायला सांगा. संताचंच नाव हवं ही सक्ती आता नाही. ख्रिस्ती भावनेशी विसंगत नसावं एवढंच चर्च म्हणतं. निनाद चालतो, आर्या चालते. एखाद्या आजीला गोन्सालो हवाच असेल तर तेही मधलं नाव म्हणून ठेवा. आपल्या वसईत जन्मलेला संत आहे तो, १५९७ साली नागासाकीला हुतात्मा झालेला. आजीच्या म्हणण्यात वजन आहे.

आता धर्ममाता आणि धर्मपिता. घरात सगळ्यात जास्त रुसवेफुगवे यावरून होतात, म्हणून नियम आधीच सगळ्यांना सांगून टाकलेले बरे. एक जण चालतो, किंवा दोघं, म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री. वयाची सोळा वर्षं पूर्ण झालेली, कॅथलिक, दृढीकरण झालेली, ख्रिस्तप्रसाद घेणारी व्यक्ती हवी. बाळाचे आईबाप स्वतः होऊ शकत नाहीत. प्रॉटेस्टंट पंथाचा मित्र कॅथलिक धर्मपालकासोबत साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. तीन जोड्या उभ्या करून सगळ्यांना खूश करायचा बेत असेल तर सोडा. वहीत दोनच नावं जातात.

माणूस निवडताना लोक ऐपत बघतात, कारण सोन्याची साखळी धर्ममातेकडून येते असा हिशेब असतो. मी तीन मुलांची धर्ममाता आहे, आणि सांगते की साखळी एकदाच द्यावी लागते. त्यानंतर मूल दहावीत नापास झालं, आईबापांशी बोलेनासं झालं की फोन आपल्याला येतो. तो फोन उचलेल असं माणूस शोधा. परदेशातला भाऊ वाईट नाही, पण त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला प्रतिनिधी म्हणून उभं करायचं असेल तर फादरांना आधी विचारा. बाप्तिस्म्याच्या सकाळी व्हिडिओ कॉल लावून मोबाइल पुढे धरायची वेळ आणू नका. आणि ज्याला नाही म्हणायचंय त्याला स्वतः जाऊन सांगा. आमच्या घरात एका जावेला ही बातमी निमंत्रणपत्रिकेतून कळली होती. ते प्रकरण निवळायला दोन नाताळ गेले.

तुमची जिवलग मैत्रीण हिंदू असेल आणि तिलाच उभं करावंसं वाटत असेल, तर तिला खरं सांगा की वहीत तिचं नाव येणार नाही. ती राग धरत नाही. तिला दुसरं मानाचं काम द्या. पार्टीत बाळासाठी दोन शब्द बोलायला तिलाच उभं करा. धाकटीच्या वेळी माझ्या मराठी शाळेतल्या मैत्रिणीने ते केलं. माइक हातात घेऊन तिने आधी पाळण्याचे दोन शब्द गुणगुणले. माझी सासू रडली आणि मग सगळंच टेबल रडलं.

हिंदू पाहुण्यांबद्दल थोडं अधिक लिहायला हवं, कारण महाराष्ट्रात ख्रिस्ती घरच्या बाप्तिस्म्याला निम्मे पाहुणे शेजारी, ऑफिसचे आणि शाळेचे असतात. मराठी वाचकाने बाप्तिस्मा हा शब्द बहुधा धर्मांतराच्या संदर्भात ऐकलेला असतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घरात जे वादळ उठलं, ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मधून मराठी घराघरांत पोचलंय. त्यामुळे शेजारच्या काकूंना पत्रिका दिली की त्या जरा बिचकतात. "आम्ही आत येऊन चालेल ना? आमच्यावर पाणीबिणी उडवत नाहीत ना?" एका काकूंनी मला हे खरोखर विचारलं होतं. त्यांना सोप्या शब्दांत सांगा: हे ख्रिस्ती घरातल्या बाळाचं चर्चमध्ये स्वागत आहे, नाव घेणं आहे, थोडं बारशासारखं, पाहुण्यांना काहीही म्हणावं किंवा करावं लागत नाही. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. बाप्तिस्मा मिस्सामध्ये असेल तर ख्रिस्तप्रसादाच्या वेळी रांगेत जायचं नाही, एवढं आधी कानावर घाला. नाही तर माणूस भाबडेपणाने प्रसाद समजून हात पुढे करतो आणि दोन्हीकडची माणसं ओशाळतात. पत्रिकेत चर्चची वेळ आणि जेवणाची वेळ वेगवेगळी छापा. ज्याला फक्त जेवायला यायचंय त्याला ती मुभा असू द्या.

चर्चमध्ये काय होतं हे आईबापांनाही नीट माहीत नसतं, असा माझा अनुभव आहे. माझ्या आईचा बाप्तिस्मा लॅटिनमध्ये झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषा आली, त्यामुळे आता सगळं मराठीत असतं आणि तुम्हाला उत्तरं द्यावी लागतात. सुरुवात दारातच होते. बाळाचं नाव काय ठेवलंत, चर्चकडे काय मागता, असं फादर विचारतात. मग फादर, आईबाप आणि धर्मपालक बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात. शास्त्रवाचन आणि प्रार्थना झाल्यावर बाळाच्या छातीला तेल लावतात. पापाचा त्याग आणि श्रद्धेची कबुली हे प्रश्न तुम्हाला आणि धर्मपालकांना असतात. तिथे दबक्या आवाजात पुटपुटू नका, आदल्या रात्री एकदा मोठ्याने म्हणून बघा. मग डोक्यावर तीन वेळा पाणी. त्यानंतर टाळूला सुगंधी तेल लावतात. पवित्र सप्ताहाच्या सुमारास बिशप संपूर्ण धर्मप्रांतासाठी जी तेलं आशीर्वादित करतात त्यांतलंच हे, बाल्सम मिसळलेलं. शेवटी पांढरं वस्त्र, आणि पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती.

या सगळ्यातून कपड्याबद्दलचा धडा मिळतो आणि तो दुकानदार सांगत नाही. छातीला तेल लागणार, म्हणजे झगा पुढून उघडणारा हवा. पाठीला चेन आणि पुढे बंद गळा असेल तर फादरांसमोर बाळाला पालथं करून चेन उघडावी लागते. आमच्यावर ती वेळ आली होती. टाळूला पाणी आणि तेल लागणार, म्हणजे पिनांनी जखडलेली टोपी किंवा डोक्याला इलॅस्टिकची फुलं नकोत. आणि आतून मऊ सुती अस्तर हवं, कारण लेस टोचते. घरात आजीने जपलेला जुना झगा असेल तर तो आठ दिवस आधी धुऊन उन्हात घाला, पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास तोपर्यंत जातो. सोबत एक जाडसर टॉवेल, एक जास्तीचा लंगोट आणि एक साधा कपडा घ्या. पाणी कोमट करून ठेवायला सॅक्रिस्टनला आदल्या दिवशी सांगितलं तर तो ऐकतो. जानेवारीतल्या सकाळी याची किंमत कळते. बाळाला विधीच्या अर्धा तास आधी पाजा. भुकेलं बाळ पाणी पडताच रडतं आणि मग थांबत नाही. पोट भरलेलं बाळही रडतं, पण थोडंच.

फोटोग्राफरला आधी चर्चमध्ये नेऊन उभं राहायची जागा दाखवा. तो फादर आणि बाळाच्या मध्ये घुसला की पाहुण्यांना फक्त त्याची पाठ दिसते.

हे प्रामुख्याने कॅथलिक घरांसाठी लिहितेय, पण नगर, पुणे, सोलापूरकडची प्रॉटेस्टंट कुटुंबंही वाचत असतील. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बालबाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती मानल्या जातात, कारण त्यात वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या. तुमच्या मंडळीत बाळाचं समर्पण करून बाप्तिस्मा मुलाच्या निर्णयावर सोडत असतील, तर पत्रिकेत तेच शब्द लिहा. समर्पणाला बाप्तिस्मा छापलं की पाळकसाहेबांना उपासनेत खुलासा करत बसावं लागतं. बाकी कपडे, पाहुणे, जेवण यांबद्दल इथे जे लिहिलंय ते तुम्हालाही लागू आहे.

पार्टी दुपारची ठेवा. रात्रीची पार्टी मोठ्यांच्या सोयीची असते, आणि त्या वेळी बाळाला झोप येते. हॉलला एक आतली खोली आहे का, तिला आतून कडी आहे का, पंखा चालतो का, हे हॉल घेताना बघा; त्या खोलीत तुम्ही दिवसातले दोन तास काढणार आहात. बँड किंवा डीजे लावायचाच असेल तर बाळ तिथून हललं की लावा. बाळाला सगळ्यांनी घ्यायचं, मुका घ्यायचा, ही हौस आवरायला हवी. आईने नाही म्हटलं तर ती शिष्ट ठरते, म्हणून हे काम आजीवर सोपवा. आजीने "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हटलं की कुणाची वाद घालायची प्राज्ञा नसते. केक कापला की कुणी तरी काका बोटाला क्रीम लावून बाळाच्या ओठाला लावणार, कुणी वाइनचं बोट लावणार, कुणी मध चाटवणार. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, आणि मध तर वर्षभर नकोच, त्यातून लहान बाळांना गंभीर विषबाधा होऊ शकते.

जेवणाबद्दल आम्हा वसईकरांना कुणी शिकवू नये, पण एक सांगतेच. इंदेल, मटण, वडे, फुगे सगळं होऊ द्या. फक्त शाकाहारी टेबल खरंच वेगळं ठेवा, वेगळ्या कोपऱ्यात, वेगळ्या डावांसह, आणि पदार्थांवर मराठीत चिठ्ठी लावा. पोर्क कशात आहे हे पाहुण्याला विचारावं लागू नये. शेजारच्या त्या काकूंसाठी पनीरच्या एका भाजीवर भागवू नका. वालाची उसळ, भात, कोशिंबीर, एक गोड पदार्थ असं पूर्ण ताट असू द्या. दारूचा खर्च एकूण खर्चाच्या निम्म्यावर जातो असं अनेकांकडून ऐकते. दुपारच्या पार्टीत तो आपोआप अर्धा होतो, दुपार निवडायचं हेही एक कारण.

पैशांचं आणखी थोडं. बाप्तिस्म्यासाठी चर्चला द्यायची देणगी ठरलेली असते. त्याहून जास्त कुणी मागू नये आणि पैसे नाहीत म्हणून कुणाचा बाप्तिस्मा अडू नये, असा चर्चचाच नियम आहे. तेव्हा कर्ज काढून समारंभ करू नका. ज्या घरात बाळाच्या आजारपणावर नुकताच खर्च झालाय, तिथे चर्चमधून बाहेर आल्यावर अंगणात चहा, केक आणि वेफर्स एवढं पुरे. आलेली पाकिटं घरी गेल्यावर एकाने उघडायची आणि दुसऱ्याने वहीत लिहायची. उद्या त्यांच्या घरी जाताना ती वही लागते.

एक गोष्ट कुणावरही येऊ नये, पण माहीत असावी. बाळ अतिदक्षता विभागात असेल, फादर येईपर्यंत वेळ नसेल, तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. तुम्ही, नर्स, अगदी ख्रिस्ती नसलेला डॉक्टरही. चर्चला जे अभिप्रेत आहे ते करण्याचा हेतू मात्र हवा. डॉक्टरांच्या परवानगीने साधं पाणी डोक्यावर तीनदा ओतायचं, नाव घेऊन म्हणायचं की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते. 'आम्ही' नव्हे, 'मी'. 'आम्ही' म्हणून दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असा खुलासा व्हॅटिकनने २०२० साली केला आहे. मग चर्चला कळवायचं. बाळ बरं होऊन घरी आलं की बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत, राहिलेले विधी चर्चमध्ये करतात. ती पार्टी मात्र दणक्यात करा. तिथे मी कुणालाही हात आखडायला सांगणार नाही.

दाखला त्याच आठवड्यात घ्या आणि घरी आल्यावर नव्हे, तिथेच खिडकीपाशी उभं राहून वाचा. जन्मतारीख, आईचं नाव, स्पेलिंग. चूक तेव्हा पाच मिनिटांत दुरुस्त होते, पंचवीस वर्षांनी लग्नाच्या घाईत होत नाही. पुढे दृढीकरण आणि लग्न यांची नोंद याच मूळ नोंदीसमोर होत जाते, त्यामुळे कुठल्या चर्चच्या वहीत कितव्या क्रमांकावर बाळाची नोंद आहे, हे स्वतःकडेही लिहून ठेवा.

आणि ती छोटी मेणबत्ती. हॉलच्या टेबलावर, केकच्या खोक्याखाली, कुणाच्या तरी पर्समध्ये ती हमखास हरवते. ती धरायचं काम एकाच माणसाला द्या. घरी आल्यावर कागदात गुंडाळून वर नाव आणि तारीख लिहा, कपाटात आडवी ठेवा. उभी ठेवली तर मे महिन्यात वाकते. धाकटीची आम्ही तिच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाला पेटवली. थोरल्याची अजून सापडलेली नाही.